केसरबाईंच्या पाठोपाठ गुणगुणणारा हा माणूस कोण?

ओसरी (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. प्रश्न गाण्याचा आहे आणि माझं त्यातलं ज्ञान रेडिओपुरतं, तेव्हा सांभाळून घ्या.

माझी आत्या ८१ वर्षांची आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं वाचन बंद आहे, म्हणून दुपारी मी तिला मोबाइलवर जुनी गाणी लावून देते. परवा तिला केसरबाई केरकरांची भैरवी हवी होती, 'जात कहाँ हो'. शोधल्यावर जी मिळाली ती व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीच्या यादीतली होती. म्हटलं असू दे, केसरबाई त्याच. भैरवी संपता संपता कुकरची शिट्टी झाली, मी आत गेले आणि पुढचं गाणं आपोआप सुरू झालं. बाहेर येऊन बघते तर आत्या मान तिरकी करून ऐकतेय. आधी खरखर, मग कुठलीतरी तार ओढत नेल्यासारखा आवाज, आणि त्यामागून एक पुरुष. गातोय म्हणावं तर शब्द नाहीत. नुसतं 'अंऽ', 'हंऽ', 'आऽ'. मधे मधे गळा दाटल्यासारखा.

आत्या म्हणाली, "अगं, ह्याला शब्द आठवत नाहीयेत का?"

मी म्हटलं, "इंग्रजी असेल गं."

"तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय मी. हा काही बोलतच नाहीये."

मग ती म्हणाली की वाद्य विचित्रवीणेसारखं वाटतंय, पण वीणा नव्हे. तीन दिवस झाले, रोज ते गाणं लावायला लावते. तर माझे प्रश्न असे: हा माणूस कोण? शब्द का नाहीत? वाजवतोय काय? आणि केसरबाईंच्या लगेच नंतर ह्यालाच का बसवलंय? शेवटचा प्रश्न भाच्याचा: माळ्यावर त्याची जुनी गिटार आहे, तिच्यातून हा आवाज निघेल का?

मुद्द्याचं_बोला

ब्लाइंड विली जॉन्सन, टेक्सास. गाणं: 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड'. ध्वनिमुद्रण ३ डिसेंबर १९२७, डॅलस, कोलंबिया कंपनी. वाद्य साधी गिटार, स्लाइडने वाजवलेली. व्हॉयेजरच्या तबकडीवर शेवटून तिसऱ्या केसरबाई, शेवटून दुसरा हा, शेवटी बेथोवेन. आत्यांना नमस्कार सांगा, कान शाबूत आहेत.

सॉकेट१९ (सांगली)

विचित्रवीणा म्हणणाऱ्या आत्यांना माझ्याकडून शंभरपैकी नव्वद. दहा मी कापले ते वाद्य चुकलं म्हणून, तत्त्व बरोबर आहे. विचित्रवीणेला पडदे नसतात, तारेवरून काचेचा गोटा सरकवतात. इथे गिटारला पडदे आहेत पण हा बाबा ते वापरतच नाही. तारेला पडद्यावर न दाबता तिच्यावरून एखादी गुळगुळीत कडक वस्तू फिरवायची, तीच स्लाइड. मग एका सुरातून दुसऱ्यात पायऱ्या उतरत जावं लागत नाही, घसरगुंडी मिळते. आपल्या भाषेत मींड. रेडिओवर पूर्वी हवाईयन गिटारवर सिनेगीतांच्या धुना लागायच्या, त्यातली ओढ हीच. फक्त तिथे साखर होती, इथे नाही.

माझं नाव सॉकेट१९ का, ते आत्ताच सांगून टाकतो. मी आयुष्यभर रिफायनऱ्यांतून पंप आणि व्हॉल्व्ह उघडले. गिटारचा नाद उशिरा लागला, पन्नाशीनंतर. स्लाइड विकत आणायला गेलो तर दुकानदाराने केसांची क्लिप दाखवली. घरी आलो, पान्यांच्या पेटीतला १९ मिलिमीटरचा सॉकेट करंगळीत घातला, बसला. तेव्हापासून तोच.

आता ह्या माणसाकडे काय होतं, ह्यावर लोक अजून भांडतात. बहुतेक जण खिशातला चाकू म्हणतात. दुसरा एक आंधळा गायक, ब्लाइंड विली मॅक्टेल, ह्याला ओळखत होता. तो म्हणायचा की बोटात पोलादी कडं होतं. मी दोन्ही करून पाहिलं आहे. चाकू मिटून अनामिका आणि करंगळीच्या बेचक्यात धरला तर पहिल्या तारेवर छान फिरतो, पण थांबवताना किर्रर्र होतं आणि दुसऱ्या तारा आपोआप ओरडायला लागतात. त्या गाण्यात हे जवळजवळ कुठेच होत नाही. सूर जिथे थांबायला हवा तिथे केसाचाही फरक न पडता थांबतो आणि मग कापतो. त्यामुळे माझं मत कड्याच्या बाजूने. चाकूवाले चिडतील. चिडू देत.

भाच्यासाठी: गिटारच्या तारा नेहमीच्या लावणीत ठेवल्या तर हे जमणार नाही. सहावी, तिसरी, दुसरी आणि पहिली अशा चार तारा उतरवायच्या. तिसरी अर्धा सूर, बाकीच्या तिन्ही एकेक सूर. जाड तारेकडून बारीककडे मोजलं तर सा-प-सा-ग-प-सा. ह्याला ओपन डी म्हणतात. एवढं केल्यावर डावा हात न लावता सगळ्या तारा छेडल्या तरी कानाला गोड लागतं, जवळपास तानपुऱ्यासारखं भरून येतं. अंगठ्याने खालचा षड्ज धरून ठेवायचा, वर पहिल्या तारेवर कडं फिरवायचं. बास, सामान एवढंच. त्यातून तो जे काढतो त्याला चाळीस वर्षं लागतात की चाळीस जन्म, ते भाच्याला नंतर कळेल.

आणखी एक ऐका. तो गंधार घेतो तो ना धड कोमल, ना धड शुद्ध. खालून येतो, दोघांच्या मधे थोडा रेंगाळतो आणि कधी वर जातो, कधी जातच नाही. आत्या केसरबाई ऐकणाऱ्या, त्यांना हे सांगायला नको. पियानोवर हा सूर नाही. म्हणूनच तर कडं लागतं.

माणसाबद्दल. जन्म २५ जानेवारी १८९७, टेक्सासमधलं पेंडलटन. वाढला मार्लिन गावाच्या आसपास. जन्मांध नव्हता. त्याची बायको अँजेलिन हिने पुढे सांगितलेली हकिगत अशी: बाप आणि सावत्र आई ह्यांचं भांडण झालं, त्या रागात तिने सात वर्षांच्या पोराच्या तोंडावर कॉस्टिकचं पाणी फेकलं. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून दृष्टी गेली, अशीही एक कथा आहे. पहिलीच जास्त सांगितली जाते. पुढे काम एकच: टेक्सासच्या गावागावांत चौकात उभं राहून देवाची गाणी म्हणायची. त्याचा एकुलता एक फोटो उपलब्ध आहे, त्यात गिटारला पत्र्याचा पेला अडकवलाय. नाणी टाकायला.

१९२७ ते १९३० ह्या काळात त्याने कोलंबियासाठी ३० गाणी दिली, डॅलस, न्यू ऑर्लीन्स आणि अटलांटात. त्यातली सहा पहिल्याच दिवशी, ३ डिसेंबरला, आणि त्या सहांतलं हे एक. तो काळही नशिबाचा. दोनच वर्षं आधी, १९२५ साली, कंपन्यांनी भोंग्यासमोर ओरडून रेकॉर्ड करायची पद्धत सोडून मायक्रोफोन आणला होता. भोंग्याच्या जमान्यात 'हंऽ' एवढा बारीक आवाज मेणावर उमटलाच नसता. ह्याला मायक्रोफोनची गरज नव्हती म्हणा, बाकीच्या बऱ्याच गाण्यांत हा घसा खरवडून असा गुरगुरतो की चौकाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं. ह्या एका गाण्यात मात्र गुरगुर नाही. आवाज खाली ठेवलाय.

मंदीत धंदा बसला, १९३० नंतर त्याचं एकही रेकॉर्डिंग झालं नाही. तरी जगला पंधरा वर्षं. शेवटी ब्यूमाँट गावात १४४० फॉरेस्ट स्ट्रीटवर 'हाऊस ऑफ प्रेयर' नावाचं प्रार्थनाघर चालवत होता. १९४५ मध्ये घर जळालं. जायला दुसरी जागा नव्हती. अँजेलिनने सांगितलंय की आग विझवलेल्या पाण्याने सगळं भिजलेलं असताना दोघं त्याच घरात ओल्या अंथरुणावर वर्तमानपत्रं पसरून निजले. तो आजारी पडला आणि १८ सप्टेंबरला गेला. तिच्या मते न्यूमोनिया, मृत्यूच्या दाखल्यावर मलेरियाचा ताप. वय ४८.

व्हॉयेजरच्या तबकडीसाठी गाणी निवडणाऱ्या मंडळींतले कार्ल सेगन ह्यांनी कारण लिहून ठेवलंय. अंधार पडतोय आणि निजायला जागा नाही, ही वेळ माणसावर तो पृथ्वीवर आल्यापासून येत राहिली आहे, ते ह्या गाण्यात आहे, अशा अर्थाचं. आत्यांच्या 'शब्द का नाहीत'चं उत्तर मला वाटतं ह्यातच आलं. अशा रात्रीला शब्द कुठले?

घंटाघर (अहिल्यानगर, आमच्या तोंडी नगरच)

सॉकेटराव, सगळं ठीक, शेवटचा परिच्छेद सोडून. सेगनसाहेबांनी छान लिहिलं असेल, पण ते गाणं बेघर माणसाचं नाही. नावच बघा ना. हे एका जुन्या इंग्रजी उपासनागीताचं पहिलं वाक्य आहे. थॉमस हॉवीस नावाच्या पाद्र्याने लिहिलेलं, १७९२ साली छापलेलं. अर्थ असा: रात्र काळोखी, जमीन गार, तिच्यावर प्रभू पडून होता. रक्ताच्या थेंबांसारखा घाम गळत होता आणि तो यातनेत प्रार्थना करत होता.

ही गेथशेमाने बाग आहे. क्रूसावर जायच्या आदल्या रात्री येशू तिथे प्रार्थनेला गेला, शिष्यांना म्हणाला जागे राहा, आणि ते झोपले. घामाचा उल्लेख लूकच्या २२व्या अध्यायात आहे. आमच्याकडे उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी हा भाग वाचतात. लहानपणी मी वडिलांच्या मांडीला टेकून ऐकायचो आणि दर वर्षी त्या शिष्यांसारखाच झोपायचो.

तेव्हा एकटेपण आहे, पण ते जागा नसल्याचं नाही. बरोबरचे सगळे झोपलेत, ह्याचं आहे.

सॉकेट१९

मान्य. कान पकडले. नाव डोळ्यांसमोर असून मी ते सेगनच्या चष्म्यातून वाचलं.

आणि तुम्ही हे सांगितल्यावर आत्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर जागेवर बसतंय. मी मघाशी 'अशा रात्रीला शब्द कुठले' म्हणून मोकळा झालो, ते वाक्य मला लिहितानाच जरा जास्त गोड लागलं होतं. आता नीट सांगतो.

दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या चर्चमध्ये पुस्तकं नसायची, असली तरी वाचता येणारे थोडे. मग एक जण ओळ भरभर म्हणून द्यायचा आणि मंडळी ती ओळ उचलून खूप सावकाश, ओढून ओढून गायची. इतकी ओढायची की एका अक्षरावर पाच-सहा सूर. कुणी पुढे, कुणी मागे, सगळ्यांची चाल थोडी थोडी वेगळी, पण लाट एकच. ह्याला लाइनिंग आउट म्हणतात. कडवी म्हणून झाली की पुष्कळदा तीच चाल मंडळी नुसती कण्हल्यासारखी गुणगुणत. ओठ मिटलेले. त्यांच्यात ह्याला 'मोनिंग' म्हणतात, आणि ती प्रार्थनाच समजली जाते.

म्हणजे ह्या माणसाला शब्द सुचले नाहीत किंवा दुःखाने जीभ टाळ्याला चिकटली, असं काही नाही. ज्यांच्यासाठी गातोय त्यांना शब्द तोंडपाठ होते. माझी आई पहाटे चूल पेटवताना तोंड बंद ठेवून भूपाळी गुणगुणायची. आम्हाला अंथरुणात पडल्या पडल्या कडवं कुठलं चाललंय ते कळायचं. शेजारच्या खोलीत भाडेकरू म्हणून एक तमीळ मास्तर होते, त्यांना तेच 'अंऽ हंऽ' वाटत असणार. आपण ह्या गाण्याच्या बाबतीत ते तमीळ मास्तर आहोत.

आता पुन्हा ऐका. गिटारवरची तार एक ओळ म्हणते, लगेच आवाज तीच ओळ उचलतो. कधी आवाज आधी, तार मागून. एकटा माणूस बसून ओळ सांगणारा आणि मागची मंडळी दोघांचीही कामं करतोय. केसरबाईंच्या मागे सारंगी जशी शेपूट धरून चालते तसं वाटेल, पण सारंगीवाला वेगळा माणूस असतो. इथे एकाच माणसाचा हात आणि गळा. दुसऱ्या गाण्यांत तर तो गाता गाता ओळीचा शेवटचा शब्द सोडून देतो आणि तो शब्द गिटार म्हणते. ह्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला 'इट्स नोबडीज फॉल्ट बट माइन' आहे, त्यात बघा. तिथे शब्द आहेत, आत्यांना कळतील. म्हणतो, मला वाचता येत होतं आणि तरी मी ग्रंथ वाचला नाही तर माझा आत्मा बुडेल आणि दोष माझाच. आंधळा माणूस हे गातोय, हे विसरू नका.

बारा_मात्रा

एक शंका. ह्याला सगळीकडे ब्लूज म्हणतात, पण हा ब्लूज आहेच कुठे? ब्लूजचा ठरलेला साचा असतो, बारा मापांचं आवर्तन, ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी जुळणारी. इथे ठेका धड मोजता येत नाही. विषय बाई, दारू, रेल्वे नसून थेट बायबल. उगाच शिक्का मारलाय.

सॉकेट१९

तुमचं म्हणणं खुद्द जॉन्सनने उचलून धरलं असतं. त्याने रेकॉर्ड केलेल्या तिसांपैकी एकही गाणं बाई-दारूचं नाही. चर्चवाल्यांच्या लेखी ब्लूज म्हणजे सैतानाचं संगीत, आणि हा पक्का बाप्टिस्ट. त्याच्या तोंडावर कुणी 'ब्लूज गायक' म्हटलं असतं तर त्याने ती गिटार पेल्यासकट डोक्यात घातली असती.

पण हात बघा ना. कडं, ओपन लावणी, अंगठ्याचा षड्ज, अर्धवट गंधार. शनिवारी रात्री दारूच्या गुत्त्यात जे वाजायचं तेच हत्यार रविवारी सकाळी. कोलंबियाने त्याची गाणी काळ्या गिऱ्हाइकांसाठीच्या त्याच मालिकेत, १४००० क्रमांकाच्या, काढली. ह्या गाण्याचा क्रमांक १४३०३-डी. दुकानात ब्लूजच्या तबकड्यांच्या शेजारीच ही असायची. त्यामुळे शास्त्राने नाही, शेजाराने ब्लूज. नंतर ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून उचललं ते सगळे ब्लूज-रॉकवाले. लेड झेपेलिनने १९७६ साली 'नोबडीज फॉल्ट' घेतलं आणि गीतकार-संगीतकार म्हणून आपली स्वतःची नावं टाकली. दोष कुणाचा ते गाण्याच्या नावातच आहे.

रात्रपाळी

'पॅरिस, टेक्सास' सिनेमा (१९८४) पाहिला असेल तर वाळवंटात चालणाऱ्या माणसामागे वाजणारी गिटार ह्याच गाण्यावरून बेतलेली आहे. वाजवणारा राय कूडर. तोच राय कूडर पुढे आपल्या विश्वमोहन भट्टांबरोबर मोहनवीणेसमोर (तीही मुळात गिटारच, स्लाइडने वाजणारी) बसला, १९९३ साली अल्बम आला आणि ग्रॅमीही मिळालं. त्यामुळे आत्याबाईंचा विचित्रवीणेचा अंदाज मी शंभरपैकी शंभर धरतो.

मुद्द्याचं_बोला

सॉकेट१९, ब्यूमाँटबद्दल पत्त्यासकट लिहिलंत. गेला होतात काय?

सॉकेट१९

गेलो होतो. दहा-अकरा वर्षं झाली. ह्यूस्टनकडे एका प्लांटच्या शटडाउनच्या कामावर कंपनीने तीन महिने पाठवलं होतं. आठवड्यात एक सुट्टी. बाकीची पोरं मॉलमध्ये जायची, मी एकाला पटवून त्याच्या गाडीतून ब्यूमाँटला गेलो, ह्यूस्टनहून दीड तास. त्याला सांगितलं होतं तेलाची विहीर बघायची आहे. खोटं नव्हतं, १९०१ साली स्पिंडलटॉपला तेलाचं कारंजं उडालं ते ह्याच गावात. ते म्युझियम पाहिलं आणि मग हळूच म्हटलं, एक स्मशान आहे, तिकडून जाऊ.

ब्लँचेट सिमेटरी. गरीब काळ्या वस्तीची दफनभूमी. पाऊस नुकताच पडून गेला होता, गवत ओलं, बूट चिखलात रुतले. जॉन्सनची कबर नेमकी कुठली ते ठाऊक नाही, कारण तेव्हा तिच्यावर दगडच बसवला नव्हता. अलीकडे लोकांनी आठवण म्हणून एक दगड उभा केलाय, तो पाहिला. आमच्या ड्रायव्हर-मित्राने विचारलं, "ह्याच्या खाली आहे?" म्हटलं, "नाही. इथेच कुठेतरी." मग आम्ही दोघंही उगाच पाय जपून टाकायला लागलो.

फार वेळ थांबता आलं नाही. मच्छर. आपल्या सांगलीला पुरानंतर असतात तसे, भर दुपारी. मनगटावर बसलेला एक मी चापटीने मारला आणि मग मला त्या दाखल्यावरचा शब्द आठवला, मलेरिया. तोपर्यंत तो माझ्यासाठी कागदावरचा शब्द होता.

दुसरं एक सांगायचं राहिलं. ह्या माणसाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं अँजेलिनच्या तोंडचं आहे. सॅम्युएल चार्टर्स नावाचा संशोधक पन्नासच्या दशकात शोधत शोधत ब्यूमाँटला पोचला तेव्हा जॉन्सन जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती भेटली. चार्टर्सने मग असंही धरून चाललं की रेकॉर्डमध्ये मागे बाईचा आवाज येतो तो तिचाच. तसं नव्हतं. तो आवाज विली बी. हॅरिस हिचा, आधीच्या बायकोचा. ती मार्लिनला राहत होती, सत्तरच्या दशकात सापडली. एवढी वर्षं तिला कुणी विचारायलाच गेलं नाही. 'डार्क वॉज द नाइट'मध्ये मात्र ती नाही. तिथे तो एकटाच.

घंटाघर

विली बी. हॅरिसचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

व्हॉयेजरचं राहिलंच की. त्या तबकडीवर ५५ भाषांत नमस्कार आहेत आणि त्यात मराठी आहे, हे आत्यांना सांगा. एक मराठी बाई पृथ्वीवरच्या माणसांतर्फे शुभविचार पाठवते. पुढे संगीताचे २७ तुकडे, त्यात केसरबाई साडेतीन मिनिटं आणि लगेच हा सव्वातीन मिनिटं. तांब्याची तबकडी, वर सोन्याचा मुलामा. मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी गाणी तिच्यावर मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी कोरली आहेत, नाहीतर दीड तासाचं संगीत मावलं नसतं. सुईसुद्धा सोबत दिली आहे. ऐकणाऱ्याला हात असतील तर.

बारा_मात्रा

केसरबाईंच्या बाबतीत एक योग. व्हॉयेजर २ आधी सुटलं, २० ऑगस्ट १९७७. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला. बाई मुंबईत गेल्या १६ सप्टेंबरला, म्हणजे त्यानंतर अकराच दिवसांनी. आयुष्यभर रेकॉर्डिंगला फारशा राजी नव्हत्या. जाहीर गाणं थांबवूनही बरीच वर्षं झाली होती. आणि आज त्यांचा आवाज २४०० कोटी किलोमीटरच्या पुढे.

(जॉन्सन ब्लूज नाही, ह्यावर मी ठाम आहे.)

ओसरी

किती लिहिलंत सगळ्यांनी! काल दुपारी मोठा चहा करून घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत आत्याला वाचून दाखवलं. आज वृत्तान्त देते.

ती सगळं निमूट ऐकत होती. कॉस्टिकच्या पाण्यापाशी म्हणाली, "पुढे वाच." नव्वद मार्कांवर म्हणाली, "मास्तर लोक हात आखडतेच धरतात." (सॉकेटकाका, तुम्ही मास्तर नाही, असं मी सांगितलं. तिला पटलं नाही.) शंभर देणाऱ्यांना तिने आशीर्वाद दिलाय.

मराठी नमस्काराचं ऐकून मात्र खूश झाली. ते लावून दाखवावं लागलं, दोनदा. मग म्हणाली, आता ते बाईंचं आणि त्यानंतरचं, मधे न थांबवता लाव. लावलं. भैरवी संपली आणि ती तार सुरू झाली. ह्या वेळी तिने डोळे मिटले. संपल्यावर म्हणाली, "चौथ्यांदा तो म्हणतो तेव्हा तार त्याच्या आधी पोचते. त्याला दम लागलाय, तार थांबत नाही." मला तर चार वेळा काय म्हणतो तेच कळलं नव्हतं. कुणी मोजून सांगेल का खरं आहे का?

घंटाघर, तिला गेथशेमाने माहीत होतं. शाळेत एक ख्रिस्ती सहकारी होत्या, त्यांच्याबरोबर ती उत्तम शुक्रवारी जायची म्हणे. हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

भाच्याने माळ्यावरून गिटार काढली. सा-प-सा-ग-प-सा लावताना तार उतरवायच्या ऐवजी चढवली आणि पहिली तुटली. आता दुकानात जातोय. कुठल्या नंबरची आणायची?

सॉकेट१९

आत्यांचं बरोबर आहे. आत्ता हेडफोन लावून मोजलं. मी हे गाणं वीस वर्षं ऐकतोय आणि हे माझ्या कानाला लागलं नव्हतं. राहिलेले दहा मार्क देतो.

तार: दुकानदार दहा नंबरची, म्हणजे ०.०१० इंचाची, देईल. ती आणू नका. बारा किंवा तेराची मागा. लावणी उतरवल्यावर बारीक तार ढिली पडते, कडं ठेवलं की खाली पडद्याला टेकते आणि खडखडते. जुनी गिटार आहे, तेव्हा पूर्ण संच बदला, एकट्या पहिलीचा जीव बाकीच्यांच्या गंजात रमणार नाही. आणि पहिल्याच दिवशी चाकू हातात देऊ नका. घरात बॉक्स पान्याची पेटी आहे का?

ओसरी

पेटी आहे. १९चा सॉकेट नाही, १७ आणि २१ आहेत.

सॉकेट१९

भाच्याची करंगळी केवढी?